खोली आपणच रंगवायची, तर खर्च किती?

नवरात्रात कोराडीच्या जगदंबेच्या दर्शनाला पाहुणे येतात, मागोमाग दिवाळी येते आणि घराघरांत रंगकामाचा विषय निघतो. एखादी खोली घरच्यांनी दोन सुट्ट्यांत रंगवणे सहज जमते आणि पैसेही वाचतात. मात्र ही बचत भिंतीच्या तयारीवर अवलंबून असते. तयारी टाळली, तर वर्षभरात पोपडे सुटतात आणि तोच खर्च पुन्हा करावा लागतो.

आधी माप घ्या

खोली १० बाय १२ फूट आणि उंची १० फूट असेल, तर चार भिंती मिळून ४४० चौरस फूट होतात. दार-खिडकीचे ४० वजा केल्यावर ४०० उरतात. छताचे १२० वेगळे. डब्यावर लिहिलेला प्रसार गुळगुळीत भिंतीवरचा असतो. घरच्या हाताने तेवढे भागत नाही, म्हणून साध्या इमल्शनच्या दोन हातांसाठी लिटरमागे ७० चौरस फूट धरा. भिंतींना ६ लिटर आणि छताला पांढरा २ लिटर पुरतो. मोठी बादली स्वस्त वाटते, पण उरलेला रंग पडून सुकतो. ४ आणि १ लिटरचे डबे जुळवून घ्या.

अंदाजे खर्च (जुना रंग घट्ट असेल तर)

- इमल्शन, ८ लिटर, २१० रुपये दराने : १,६८०
- पुट्टी, ५ किलो : २००
- प्रायमर, १ लिटर : १८०
- पॉलिश पेपर, १० नग : १५०
- रोलर, ट्रे, दांडा : ४५०
- दोन ब्रश : २००
- पुट्टीचा पत्रा : १००
- मास्किंग टेप, प्लास्टिक : १४०
- एकूण : ३,१०० रुपये

कंपनी आणि छटेप्रमाणे दर बदलतात, गडद छटा महाग पडते. दुकानातला दर विचारून हाच हिशेब पुन्हा मांडा. रोलर, ब्रश, पत्रा धुऊन ठेवले, तर पुढच्या खोलीला ७५० रुपये कमी लागतील. दोन पेंटर दोन दिवस लावले आणि रोजी ८०० धरली, तर सामानाखेरीज ३,२०० मजुरी होते. म्हणजे घरी काम केल्यास खर्च जवळपास निम्म्यावर येतो.

पूर्ण भिंतीला पुट्टी लागत असेल, तर ४० किलोची गोणी आणि ४ लिटर प्रायमर मिळून सुमारे दीड हजार रुपये वाढतात, शिवाय दोन-तीन दिवसही.

कोराडीच्या भिंतींची तयारी

इथे १९७४पासून वीजकेंद्र आहे. आज ६६० मेगावॉटचे तीन संच इथे आहेत. कोळशाची आणि राखेची बारीक धूळ भिंतीवर, विशेषतः खिडकीच्या कडेला व पंख्याच्या वर, बसलेली असते. धुळीवर मारलेला रंग भिंतीला धरत नाही. आधी कोरड्या झाडूने भिंत झाडा, मग ओल्या फडक्याने खालून वर पुसा आणि एक दिवस वाळू द्या. वारा सुटला असेल त्या दिवशी रंग काढू नका.

कूलरच्या खिडकीजवळची भिंत वेगळी तपासा. उन्हाळाभर पाणी झिरपून तिथे पांढरा क्षार फुटतो. तो ब्रशने खरवडा आणि भिंत पूर्ण सुकल्यावरच पुट्टी भरा. ओल ओळखायला फूटभर प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. भिंतीच्या बाजूने थेंब दिसले, तर काम पुढे ढकला. भिंतीवर हात फिरवून पांढरी भुकटी लागली, तर जुना चुना पूर्ण खरवडावाच लागतो.

दार-खिडकीचा जुना रंग

घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७पासून लागू आहे. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. तो कोरडा घासू नका. पाणी लावून घासा, मास्क बांधा आणि लहान मुलांना व गरोदर बाईला त्या खोलीपासून दूर ठेवा.

कामाचा क्रम

आधी भेगा व भोकांत पुट्टी भरा, वाळल्यावर घासा, धूळ पुसा आणि त्या जागी प्रायमर लावा. मग छत, त्यानंतर ब्रशने कोपरे व काठ, शेवटी रोलरने भिंत. दोन हातांत किमान चार तास जाऊ द्या. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना रंग लावताच सुकतो आणि जोड दिसतात, तेव्हा नाइलाजच असेल तर काम पहाटे करा. ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. डब्यावरचा छटेचा क्रमांक लिहून ठेवा, पुढे डाग झाकायला कामी येतो.

केव्हा पेंटरच बोलवावा

छतातून गळती असेल, भेग बोट जाईल एवढी असेल किंवा जिन्याच्या उंच भिंतीला शिडी टेकवावी लागत असेल, तर हे घरचे काम नव्हे. गळती आधी गवंड्याकडून बंद करून घ्या. पैसे मोजकेच असतील, तर महागड्या रंगाऐवजी भिंत दुरुस्त करण्यावर खर्च करा. चांगल्या तयारीच्या भिंतीवर साधे इमल्शनही अनेक वर्षे टिकते.