ट्रायथलॉनची अंतरे : नवशिक्यांसाठी थोडी ओळख

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे, या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ एक व मध्ये घड्याळ न थांबविता करावयाच्या, या शर्यतीस ट्रायथलॉन म्हणतात. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु शर्यतीचे नाव काढताच आपले विद्यार्थी ‘आयर्नमॅन’ हा एकच शब्द उच्चारतात, २२६ किलोमीटर हा आकडा ऐकतात आणि विषय सोडून देतात. सौंसरहून माझ्या मावसभावाने विचारले, तेव्हा त्याचीही समजूत हीच होती. म्हणून हा प्रपंच.

२२६ हा आकडा कोठून आला, ते पाहण्यासारखे आहे. हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर तीन वेगवेगळ्या शर्यती होत असत : २.४ मैलांचे समुद्रातील पोहणे, बेटाला सायकलने फेरी आणि होनोलूलूची मॅरेथॉन. तिघांत खरा दमदार कोण, या वादातून जॉन कॉलिन्स या नौदल अधिकाऱ्याने तिन्ही शर्यती एकत्र जोडल्या. सायकलची फेरी ११५ मैलांची होती. मॅरेथॉन जेथून सुरू होते तेथेच ती संपावी म्हणून तीन मैल कमी केले. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण उतरले, १२ जणांनी शर्यत पुरी केली. म्हणजे ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटर ही अंतरे कोणत्या शास्त्राने ठरविलेली नाहीत. एका बेटाच्या भूगोलाने ठरविली.

ऑलिंपिकचे अंतर याहून पुष्कळ लहान : दीड किलोमीटर पोहणे, ४० सायकल, १० धावणे. २००० साली सिडनी येथे ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आले ते याच अंतराने. त्याच्या निम्मे ते स्प्रिंट : ७५० मीटर, २० आणि ५ किलोमीटर. स्प्रिंट म्हणजे शंभर मीटरची धाव नव्हे! नवशिक्याला त्यास दीड-दोन तास सहज लागतात. ऑलिंपिक आणि पूर्ण अंतर यांच्या मध्ये अर्धे अंतर बसते : १.९, ९० आणि २१.१. गोव्यात मिरामार येथे २०१९ साली याच अंतराची आयर्नमॅन शर्यत झाली.

सौंसर कोठे, असे येथे मला मराठी मित्रही विचारतात आणि कानडीही. ते मध्य प्रदेशात आहे, २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात, आणि आमच्या घरी मराठीच बोलतात. सौंसर ते पांढुर्णा रस्ता तीस-पस्तीस किलोमीटरचा. मावसभावाला मी त्याच मापाने समजाविले. स्प्रिंटची सायकल म्हणजे पांढुर्ण्याच्या निम्म्या वाटेच्या थोडे पुढे. ऑलिंपिकमध्ये पांढुर्णा गाठून थोडे उरते. अर्ध्या अंतरात जाऊन-येऊन पुन्हा वीस-पंचवीस किलोमीटर. एवढे सांगितल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. सायकल त्याची रोजचीच.

पण येथेच फसगत होते. पूर्ण अंतरात पोहण्याचा वाटा बेरजेच्या दोन टक्केही नाही, म्हणून ते किरकोळ वाटते. प्रत्यक्षात नवशिक्याने सर्वांत आधी पाहावयाचा आकडा तोच. सायकल दमली तर उतरून ढकलता येते, धावताना चालता येते. पाण्यात मध्येच उतरण्याची सोय नाही. आमच्याकडील मुले पाठीला डबा बांधून संत्र्याच्या बागेतील विहिरीत पोहायला शिकतात. सूर मारण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. परंतु विहिरीचा व्यास सहा मीटर धरला, तर ७५० मीटर म्हणजे सव्वाशे वेळा आरपार, आणि दर वेळी हाताला भिंत लागते. पंचवीस मीटरच्या तलावात त्याच अंतराच्या ३० फेऱ्या होतात. भिंतीला न थांबता त्या पुऱ्या होत नसतील, तर स्प्रिंटचाही अर्ज भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याहून लहान, ४०० मीटरच्या आसपास पोहण्याच्या शर्यतीही असतात. आणि सराव कन्हानच्या डोहात एकट्याने तर मुळीच करू नये. पावसाळ्यानंतर नदीचा तळ गेल्या वर्षीचा राहत नाही.

दुसरी गोष्ट अंतरांच्या तक्त्यात दिसतच नाही. पाण्यातून बाहेर येऊन सायकल घेणे आणि सायकल ठेवून धावू लागणे, हा वेळही शर्यतीतच मोजला जातो. सायकलवरून उतरल्यावर पहिला किलोमीटर पाय स्वतःचे वाटत नाहीत. पाच किलोमीटर एरवी हसत धावणारा मुलगाही तेथे गांगरतो. यासाठी आठवड्यातून एकदा सायकलनंतर लगेच दहा मिनिटे धावावे. बूट सायकलजवळच मांडून ठेवावेत.

राहिली मुदत. पूर्ण अंतराला साधारणतः १७ तास मिळतात, परंतु पोहण्याची वेगळी मुदत असते, बहुधा २ तास २० मिनिटे. ती चुकली की सायकलला हातही लावता येत नाही. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झुरिच येथे पन्नाशीच्या उंबरठ्यावर हे अंतर पंधरा तासांहून थोड्या अधिक वेळात पुरे केले. ते मुळात राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू होते, हे आपण विसरतो. मावसभावाने तूर्त स्प्रिंट धरले आहे. तलावासाठी त्याला सत्तरेक किलोमीटरवरच्या नागपूरला जावे लागते, म्हणून रविवार पोहण्याचा आणि सायकल मधल्या वारी, असा त्याचा बेत आहे.