उजाड अंगणाचा कायापालट

दारापुढे तुळशीवृंदावन आणि परसदारी कढीपत्ता, केळ व अळू, असे घराचे चित्र एकेकाळी सर्वपरिचित होते. आज अनेक घरांभोवतीची मोकळी जागा मात्र निराळ्याच अवस्थेत आढळते. निम्मी जागा फरशीने झाकलेली, उरलेल्या भागात तण व विटांचे तुकडे आणि कोपऱ्यात वाळलेल्या रोपांच्या कुंड्या. दर पावसाळ्याच्या तोंडावर हौसेने रोपे आणली जातात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांतील बहुतेक नाहीशी होतात. दोष बहुधा रोपांचाही नसतो आणि हौसेचाही नसतो. क्रम चुकलेला असतो. जागेची ओळख करून घेण्याआधीच झाडांची खरेदी होते. ऊन, पाणी, माती व वाट यांचा विचार प्रथम आणि रोपवाटिकेची भेट शेवटी, हा क्रम पाळला तर थोड्या खर्चात अंगणाचे रूप पालटू शकते.

उन्हाची नोंद

सर्वप्रथम कागदावर अंगणाचा ढोबळ आराखडा काढावा आणि सकाळी, दुपारी व सायंकाळी कोठे ऊन पडते ते त्यावर नोंदवावे. हे ऊन ऋतूनुसार बदलते. मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो आणि हिवाळ्यात तो दक्षिणेकडे बराच कलतो. त्यामुळे घराच्या उत्तरेचा पट्टा हिवाळ्यात सावलीत जातो व ऐन उन्हाळ्यात उन्हात येतो. दिल्ली वा चंडीगड येथे मध्यान्हीचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच राहतो. एकाच पुस्तकातील सल्ला सर्व गावांना लागू पडत नाही, तो यासाठीच. गुलाब, मोगरा व लिंबू यांना दिवसातून पाच-सहा तास ऊन हवे. हळद, आले, अळू व नेचे मात्र विरळ सावलीतही संतोषाने वाढतात.

पावसाचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी मिळते. वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस होणाऱ्या पुण्यासारख्या शहरात १०० चौरस मीटर अंगणावर त्यानुसार ७०,००० लिटर पाणी पडते. म्हणजे दहा हजार लिटरचे सात टँकर! सलग फरशी असलेल्या अंगणातून त्यातील बहुतांश गटारात वाहून जाते आणि त्याच घरी उन्हाळ्यात पाणी विकत घ्यावे लागते. फरशी सर्वच काढण्याची गरज नाही. वाहनाच्या चाकांपुरते दोन पट्टे ठेवून मधली जागा मोकळी केली, घराच्या पायापासून दूर थोडे खोलगट वाफे केले आणि छपराचे पाणी शोषखड्ड्याकडे वळवले, तरी पुष्कळ पाणी जमिनीत मुरते. तमिळनाडूने २००३ मध्ये इमारतींना पाऊसपाणी साठवण व पुनर्भरण सक्तीचे केले, त्यामागे हाच हिशेब होता.

मातीची परीक्षा

फूटभर लांब, रुंद व खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्या खेपेचे पाणी कित्येक तास तसेच राहिले तर निचरा कमी आहे असे समजावे. तेथे उंच वाफे करावेत. पाणी पाहता पाहता नाहीसे झाले तर मातीला ओलावा धरण्याचे बळ द्यावे लागेल. दोन्ही दोषांवर कुजलेला पालापाचोळा हा उत्तम उपाय होय. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’मार्फत घरातील व अंगणातील काडीकचऱ्यापासून सकस माती घडवण्याचा आग्रह धरला, तो आजही मोलाचा आहे. झडलेली पाने जाळणे म्हणजे हाती आलेले भांडवल जाळणे.

वाट आणि बैठक

घरातील माणसे रोज जेथून चालतात तीच खरी वाट. नळ, कपडे वाळवण्याची दोरी व फाटक यांना जोडणारी वाट आधी आखावी. अन्यथा नवे वाफे आठवडाभरात तुडवले जातात. काढलेल्या फरशीचे तुकडे या वाटेला उपयोगी पडतात. टाकाऊ वस्तूंतून नेकचंद यांनी उभारलेले चंडीगडचे रॉक गार्डन १९७६ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्या मानाने घरची पायवाट ही सोपीच गोष्ट. सायंकाळची सावली जेथे पडते तेथे वृद्धांसाठी एखादा कट्टा असावा.

लागवड सर्वांत शेवटी

केरळातील घराभोवतीच्या बागांत आणि कोकणातील वाड्यांत माड व पोफळीच्या छायेत केळ, पोफळीवर चढलेली मिरी आणि तळाशी हळद-आले अशी थरांची रचना दिसते. लहान अंगणातही तोच मार्ग अनुसरावा. पश्चिमेस दुपारची सावली देणारा एखादा बकुळ, त्याच्या अलीकडे पारिजातक, जास्वंद, कढीपत्ता, आणि जमिनीलगत गवती चहा व अळू. रोप हातभर दिसत असले तरी अंतर पूर्ण वाढलेल्या झाडाचे धरावे. वड, पिंपळ, उंबर यांची मुळे भिंती व नळांना धोक्याची ठरतात. लहान अंगणात त्यांचा मोह टाळावा.

सर्व कामे एकाच वर्षी करण्याची आवश्यकता नाही. पहिल्या वर्षी पाणी व माती, दुसऱ्या वर्षी वाट व मोठी झाडे, तिसऱ्या वर्षी झुडपे व फुले, असा टप्पा ठेवल्यास खर्च झेपतो आणि चूक वेळीच लक्षात येते. आवर्ती ठेवीप्रमाणे बागही नियमित, लहान भरण्याने वाढते. फरक इतकाच की तिचे व्याज सावली, सुगंध आणि विहिरीच्या पाण्याच्या रूपाने मिळते आणि ते शेजाऱ्यांच्याही वाट्याला येते.