सोल संगीतातले सर्वश्रेष्ठ अल्बम कोणते? निवड करताना काय पाहावे



आठवी-नववीच्या मुलांना "सगळ्यात भारी कोण?" हा प्रश्न फार आवडतो. खेळाडू असो, सिनेमा असो की गाणं. उत्तरही लगेच मिळतं, कारण मोबाईलवर पहिल्या दहांची यादी तयारच असते. ती यादी कुणी केली, कशाच्या आधारावर केली, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. आजच्या पाठात आपण हाच प्रश्न अमेरिकेतल्या सोल संगीताबद्दल विचारणार आहोत. विषय लांबचा वाटेल, पण लांबचा आहे म्हणूनच सोयीचा आहे. आपल्या आवडत्या गायकावरून वाद झाला की डोकी तापतात. इथे तसं होत नाही, निकष शांतपणे तपासता येतात.

सोल म्हणजे नेमकं काय?

सोल या शब्दाचा अर्थ आत्मा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाच्या चर्चमध्ये गॉस्पेल नावाचं भक्तिसंगीत गायलं जातं. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलून धरायची, टाळ्यांचा ठेका वाढत जायचा. आपल्याकडे पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी सूर धरतात, साधारण त्या जातीचा प्रकार. १९५४ मध्ये रे चार्ल्सने एका गॉस्पेल गाण्यावरून सुचलेल्या चालीवर 'आय गॉट अ वुमन' हे गाणं केलं. देवाच्या जागी प्रेयसी आली. अभंगाच्या चालीवर कुणी फक्कड लावणी बांधली तर गावात काय होईल याची कल्पना करा, म्हणजे तेव्हा भाविक मंडळी का चिडली ते कळेल. पुढे सॅम कुक, अरेथा फ्रँकलिन, अल ग्रीन ही सगळी मंडळी चर्चमध्ये गाऊनच तयार झाली. आवाजातली ती आर्तता तिथली आहे.

मोठी तबकडी, छोटी तबकडी

आता मूळ अडचण पाहू. आपल्याला गाणी नाही, अल्बम निवडायचे आहेत. आणि सोल हे सुरुवातीला अल्बमचं संगीत नव्हतंच!

कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये एल.पी. बाजारात आणली. मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं. पुढच्याच वर्षी आर.सी.ए. कंपनीने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आणली, तिच्या एका बाजूला एकच गाणं. सोल वाढलं ते या छोट्या तबकडीवर. रेडिओवर ती वाजायची, ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून ऐकता यायची, आणि पोरांच्या खिशाला परवडायची. डेट्रॉईटच्या मोटाऊन कंपनीचंच बघा. बेरी गॉर्डी हा पूर्वी मोटारींच्या कारखान्यात जुळणीच्या कामाला होता. त्याने १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन धंदा सुरू केला. कारखान्यासारखीच मोटाऊनमध्येही गाणी तपासायची बैठक असे. पास झालं तरच गाणं बाजारात. सगळं लक्ष तीन मिनिटांच्या हमखास गाण्यावर. एल.पी. काढायची तर त्यात दोन-तीन गाजलेली गाणी आणि उरलेली भरती.

म्हणून माझा पहिला निकष असा: पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग ऐकताना मध्येच उठावंसं वाटतं का? वाटत असेल तर तो चांगल्या गाण्यांचा डबा झाला, श्रेष्ठ अल्बम नव्हे.

हा निकष कडक आहे आणि थोडा अन्यायकारकही. सुप्रीम्स या तीन मुलींच्या गटाची १२ गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली, पण त्यांचा एकही अल्बम मी वरच्या दहांत घेणार नाही. पर्सी स्लेजचं 'व्हेन अ मॅन लव्हज अ वुमन' किंवा मार्था अँड द व्हँडेलाजचं 'डान्सिंग इन द स्ट्रीट' ही गाणी अमर आहेत, त्यांचे अल्बम नाहीत. 'सर्वश्रेष्ठ अल्बम' असं म्हटलं की ही माणसं आपोआप बाहेर पडतात. मुलांना हे जरूर दाखवावं, कारण प्रश्न कसा विचारला यावर अर्धं उत्तर ठरलेलं असतं.

एका गाण्याचे दोन मालक

भरतीच्या त्या जमान्यातही काही अल्बम सलग उभे राहिले. पहिला 'ओटिस ब्लू'. जुलै १९६५, मेम्फिस शहर. स्टॅक्स कंपनीचा स्टुडिओ म्हणजे एक जुनं सिनेमागृह. खुर्च्या काढल्या तरी जमिनीचा उतार तसाच राहिला होता. ओटिस रेडिंगने हा जवळजवळ सगळा अल्बम चोवीस तासांच्या आत गायला. मध्ये थांबले ते वादकांना रात्री क्लबात वाजवायला जायचं होतं म्हणून. पहाटे दोनला पुन्हा सगळे हजर. स्टॅक्सच्या मुख्य वादकसंचात दोघे काळे, दोघे गोरे. ज्या शहरात काळ्या-गोऱ्यांनी शेजारी बसून जेवणंही अवघड होतं, तिथे ही चौकडी रोज एकत्र वाजवत होती. सात महिन्यांपूर्वीच, डिसेंबर १९६४ मध्ये, सॅम कुकचा गोळी लागून मृत्यू झाला होता. त्याची तीन गाणी या अल्बममध्ये आहेत. ओटिस ती कुकसारखी गोड गात नाही, घसा खरवडून गातो.

याच अल्बममध्ये ओटिसचं स्वतःचं 'रिस्पेक्ट' आहे. कामावरून घरी आलेला पुरुष बायकोकडे मान मागतो आहे. चांगलं, धडाडीचं गाणं.

दोन वर्षांनी अरेथा फ्रँकलिनने तेच गाणं घेतलं. डेट्रॉईटच्या एका नामांकित धर्मोपदेशकाची ही मुलगी. लहानपणापासून वडिलांच्या चर्चमध्ये गायची. कोलंबिया कंपनीत तिची सहा वर्षं गेली होती. तिथे तिला जॅझ, नाटकातली गाणी, असं बरंच काही गायला लावलं, आणि मोठं यश काही आलं नाही. मग अटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलरने तिला जानेवारी १९६७ मध्ये अलाबामातल्या मसल शोल्स गावी नेलं आणि पियानोवर बसवलं. तिचं गाणं तिच्या स्वतःच्या बोटांतून निघू दिलं, एवढंच. तिथे पहिल्याच दिवशी भांडण झालं आणि मुक्काम आटोपला. उरलेलं काम न्यूयॉर्कमध्ये झालं. मार्चमध्ये 'आय नेव्हर लव्हड अ मॅन द वे आय लव्ह यू' हा अल्बम आला. त्याचं पहिलंच गाणं 'रिस्पेक्ट'.

शब्द बरेचसे तेच, पण बोलणारी व्यक्ती बदलली. आता बाई मान मागते आहे, आणि विनंती करून नाही. त्या इंग्रजी शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून म्हणण्याची जागा ओटिसच्या गाण्यात नव्हती, ती अरेथाची. मागे तिच्या बहिणी झील धरतात. गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीने आणि स्त्रियांच्या चळवळीनेही ते आपलं मानलं. दुसऱ्याची वस्तू घेऊन ती इतकी स्वतःची करून टाकणं, याला मी श्रेष्ठतेची मोठी खूण मानते. माझ्या यादीत हा अल्बम पहिला. बहुतेक जण 'व्हॉट्स गोइंग ऑन' म्हणतील, त्याकडे येतेच.

कंपनी नको म्हणाली तेव्हा

मार्विन गे हा मोटाऊनचा देखणा, प्रेमगीतं गाणारा गायक. त्याचा भाऊ व्हिएतनामच्या युद्धातून परतला आणि तिथल्या हकिकती सांगू लागला. त्याच सुमारास फोर टॉप्स गटाचा ओबी बेन्सन याने बर्कलीमध्ये पोलिसांना आंदोलक तरुणांना मारताना पाहिलं, आणि त्यातून एका गाण्याची कल्पना निघाली. ते गाणं म्हणजे 'व्हॉट्स गोइंग ऑन'. बेरी गॉर्डीला ते आवडलं नाही. जानेवारी १९७१ मध्ये ते छोट्या तबकडीवर निघालं आणि धडाधड खपलं, तेव्हा कंपनीलाच संपूर्ण अल्बम हवा झाला. मे महिन्यात तो आला.

हा अल्बम ऐकताना गाणी मोजताच येत नाहीत, कारण एक संपण्याआधी दुसरं सुरू झालेलं असतं. युद्धावरून आलेला तरुण, व्यसन, दूषित हवापाणी, शहरातली गरिबी, सगळं पस्तीस-छत्तीस मिनिटांत. मार्विनने मुख्य सूर दोनदा गायला होता. दोन्ही एकदम वाजले आणि ते त्याला इतकं आवडलं की तसंच ठेवलं. स्वतःच्याच आवाजाला स्वतःची साथ! आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इतकी वर्षं मोटाऊनचे वादक निनावी होते. त्यांची नावं मोटाऊनच्या अल्बमवर पहिल्यांदा छापली गेली ती इथे.

मग मी याला दुसरा का ठेवते? कारण याचा मूड एकसारखा आहे, शेवटी-शेवटी मला तो धुक्यासारखा वाटतो. अरेथाच्या अल्बममध्ये राग, लाड, दुःख, मस्ती सगळं आहे. तुम्हाला हे पटलं नाही तरी हरकत नाही, पण तुमचं कारण सांगा.

स्टीव्ही वंडर १९७१ मध्ये २१ वर्षांचा झाला. लहानपणी झालेला करार संपला, आणि नव्या करारात त्याने स्वतःच्या संगीतावर स्वतःचा ताबा मागून घेतला. त्याचं फळ म्हणजे १९७३ चा 'इनरव्हिजन्स'. ड्रम, पियानो, सिंथेसायझर, बरंचसं वादन त्याचं एकट्याचं. त्यातलं 'लिव्हिंग फॉर द सिटी' सात मिनिटांहून लांब आहे. मिसिसिपीतल्या गरीब घरातला मुलगा न्यूयॉर्कला येतो आणि काही न करता तुरुंगात जातो, अशी ती कथा. कथाकथनाच्या तासाला सुद्धा चालेल. अनेकांना १९७६ चा 'साँग्स इन द की ऑफ लाईफ' जास्त थोर वाटतो. त्यात २१ गाणी आहेत. सुंदर आहे, पण पसरट.

आयझॅक हेजचा 'हॉट बटर्ड सोल' (१९६९) निघाला तो अडचणीतून. १९६८ मध्ये अटलांटिकशी फारकत झाली तेव्हा स्टॅक्सच्या हातून जुन्या गाण्यांचे हक्क गेले. दुकान रिकामं! मग कंपनीने एकदम २७ अल्बम काढायचं ठरवलं. इतक्या गर्दीत एकावर कोण लक्ष ठेवणार? हेजने मनाला येईल तसं केलं: पूर्ण अल्बममध्ये चारच गाणी, त्यातलं एक अठरा मिनिटांहून मोठं. तोच गाजला.

जेम्स ब्राऊनचा 'लाईव्ह अॅट द अपोलो' मी यादीत घेते, जरी तो कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण असला तरी. लोकांनी आधीच विकत घेतलेली गाणी पुन्हा कोण घेणार, असं कंपनीच्या मालकाचं म्हणणं. ब्राऊनने ऑक्टोबर १९६२ मध्ये स्वतःच्या पैशाने ध्वनिमुद्रण केलं. अल्बम बिलबोर्डच्या यादीत ६६ आठवडे राहिला. अल ग्रीनचा 'कॉल मी' (१९७३) आणि कर्टिस मेफिल्डचा 'सुपर फ्लाय' (१९७२) हेही माझ्या यादीत आहेत. दुसरा मात्र अमली पदार्थांच्या धंद्यावरच्या सिनेमाचा आहे, लहान मुलांपुढे लावताना विचार करा.

यादी कोण करतं?

'रोलिंग स्टोन' या अमेरिकी मासिकाने २००३ मध्ये सर्व प्रकारच्या संगीतातल्या ५०० सर्वश्रेष्ठ अल्बमची यादी काढली. पहिला क्रमांक बीटल्सचा होता, 'व्हॉट्स गोइंग ऑन' सहावा, 'साँग्स इन द की ऑफ लाईफ' ५६ वा. २०२० मध्ये नव्या लोकांची मतं घेऊन यादी पुन्हा केली. 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला, स्टीव्ही वंडर थेट चौथा, बीटल्सचा तो अल्बम २४ वर. आणि 'ओटिस ब्लू' ७४ वरून घसरून १७८ वर. या सतरा वर्षांत तबकडीवरचा एक सूरही बदललेला नाही. मग काय बदललं? हा प्रश्न फळ्यावर लिहा आणि पाच मिनिटं गप्प बसा.

वर्गासाठी किंवा घरी करायचा उपक्रम: 'रिस्पेक्ट'ची दोन्ही रूपं मुलांना ऐकवा, आधी ओटिसचं, मग अरेथाचं. मूळ गाणं कुणाचं ते सांगू नका. कोणतं रूप श्रेष्ठ वाटतं ते प्रत्येकाने लिहायचं, खाली तीन कारणं, आणि कारणांत "आवडलं" हा शब्द चालणार नाही. लिहून झालं की मगच मूळ गाणं कुणाचं ते सांगा आणि ज्यांना मत बदलायचं आहे त्यांना बदलू द्या, पण बदलाचं कारणही लिहायला लावा. इंग्रजी शब्द सगळे कळले नाहीत तरी अडत नाही. दोन्ही गाणी मिळून पाच मिनिटांच्या आत संपतात, त्यामुळे एका तासिकेत दोनदा ऐकवूनही लिहायला पुरेसा वेळ उरतो.