ताण बागेचा आणि ताण उसाचा



आपल्यापैकी पुष्कळ जणांकडे उसाबरोबर एकर-दोन एकर मोसंबी किंवा डाळिंब असते. विहीर मात्र एकच. गटात फिरताना आम्हांला हमखास विचारतात, "बागेचं पाणी तोडलं की फूल भरपूर येतं, मग उसाचं थोडं तोडलं तर काय बिघडलं?" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचा नीट विचार करू.

फळझाडाला ताण का लागतो?
पाणी तोडले की नवी पालवी थांबते. पाने मात्र काही दिवस अन्न तयार करीतच असतात. ते अन्न वाढीवर खर्च न होता फांद्यांत साठते. पुढे पाणी मिळाले की त्या साठ्याच्या जोरावर फूल एकदम बाहेर पडते. ताण न दिलेले झाड वर्षभर थोडे थोडे फुलत राहते आणि एकही बहार धड हाती लागत नाही.

आंबिया बहारासाठी ताण साधारण डिसेंबरात सुरू होतो. हलक्या जमिनीत महिनाभर पुरतो, भारी जमिनीत दीड-दोन महिने लागतात. पण तारखेपेक्षा झाडाकडे बघावे. पाने मलूल होऊन पिवळी पडू लागली, थोडी गळली, की ताण बसला. फांद्या वाळेपर्यंत थांबू नये. लहान आणि रोगट झाडांना ताण देऊच नये.

ताण तोडताना आळी चाळून शेणखत व वरखते द्यावीत. पहिले पाणी हलके, म्हणजे आंबवणी. चार-पाच दिवसांनी चिंबवणी आणि मग नियमित पाळी. एकदम भरपूर पाणी दिले तर फुलगळ होते. फूल लागल्यापासून फळ धरेपर्यंत पुन्हा पाणी तुटले तर फुले आणि बारीक फळे झडतात. डाळिंबात पाणी कमी-जास्त झाले की तयार फळे तडकतात.

म्हणजे ताणाचा फायदा फुलाआधी, फुलानंतर निव्वळ तोटा. म्हणून ताण तोडण्यापूर्वी विहिरीचे पाणी मोजा. ते जूनपर्यंत पुरणार नसेल तर आंबिया बहाराचा हट्ट सोडून मृग बहार धरा. त्याचा ताण उन्हाळ्यातच बसतो आणि फूल पावसावर येते. मात्र झाड जगेल एवढे पाणी राखलेच पाहिजे. 2012-13 च्या दुष्काळात जालना भागात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, हे आपण विसरलेलो नाही.

उसाचे गणित उलटे
बागेत फूल म्हणजे उत्पन्न. उसात तुरा म्हणजे नुकसान. तुरा आला की शेंड्याची वाढ थांबते, पुढे पांगशा फुटतात आणि ऊस दशी पडून पोकळ होतो. आपण उसाचे खोड विकतो, आणि खोड पाण्यावरच वाढते.

एप्रिल-मे महिन्यांत सुरू ऊस आणि खोडवा फुटव्याच्या अवस्थेत असतात. तेव्हा पाणी तुटले तर फुटवे मरतात. मेलेला फुटवा पुढे कितीही पाणी दिले तरी परत येत नाही. मोठ्या बांधणीनंतर ताण बसला तर कांड्या आखूड पडतात, आणि आखूड पडलेली कांडी नंतर लांबत नाही. दोन्ही नुकसाने थेट वजनकाट्यावर दिसतात.

उसाला ताण मानवतो तो एकदाच, पक्व झाल्यावर. तोडणीपूर्वी 15 ते 20 दिवस पाणी बंद ठेवले की वाढ थांबून साखर भरते. वजन वाढेल म्हणून कोणी तोडणीच्या तोंडावर पाणी सोडतात. अशा उसाने साऱ्या कारखान्याचा उतारा उतरतो, आणि उसाची एफआरपी उताऱ्याशी बांधलेली आहे. म्हणजे एकाने सोडलेले पाणी सगळ्यांच्या दरातून वजा होते.

पाणी कमी असेल तर
1. आधी फुटव्याचा ऊस आणि फळ धरलेली बाग यांना पाणी द्या. तोडणीला आलेल्या उसाचे पाणी थांबवा.
2. पाचट जाळू नका, सरीत पसरा. ओल टिकते.
3. एक आड एक सरी भिजवा. जमेल त्याने ठिबक बसवावे.
4. नवी लागण विहिरीचे पाणी पाहूनच करा.

पाणी कोठे तोडायचे हे ठरवण्याआधी पीक कोणत्या अवस्थेत आहे ते पाहा. शंका वाटल्यास पाळी चुकवण्यापूर्वी गट कार्यालयात या. आपण मिळून शिवार पाहू.

— शेतकी खाते