चढ नसलेली भटकंती : न्यू जर्सीच्या कालव्याकाठी

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की एडिसन, प्लेन्सबरो, प्रिन्स्टनच्या मराठी घरांमध्ये दर शुक्रवारी एकच प्रश्न असतो : उद्या यांना न्यायचं कुठे? न्यूयॉर्क झालं, नायगारा झाला, देवळं झाली. डेलावेअर अँड रॅरिटन कालव्याकाठची वाट मात्र घराजवळ असूनही राहून जाते. हे सुमारे 70 मैल लांबीचं स्टेट पार्क आहे. प्रवेशाला तिकीट नाही आणि चढ म्हणावा असा जवळजवळ नाहीच.

तरीही सपाट वाट सोपी असं समजू नका. सह्याद्रीत चढ दमवतो, इथे अंतर दमवतं. जेवढं पुढे जाल तेवढंच परत यायचं असतं आणि मध्येच कंटाळा आला तर वाटेवर हात दाखवून थांबवायला एसटी नाही. त्यामुळे इथे टप्पा नीट निवडला की निम्मं काम झालं.

आधी थोडा इतिहास

कालव्याचं खोदकाम 1830 मध्ये सुरू झालं आणि 1834 मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. कुदळ-फावड्याचं हे काम बहुतांश आयरिश मजुरांनी केलं. 1832 च्या कॉलऱ्याच्या साथीत त्यांतले अनेक दगावले. मुख्य कालवा बॉर्डनटाउनपासून न्यू ब्रन्सविकपर्यंत 44 मैलांचा. त्याला पाणी पुरवणारा 22 मैलांचा फाटा डेलावेअर नदीतून बुल्स आयलंडपाशी निघतो आणि ट्रेंटनला येऊन मिळतो. फिलाडेल्फियाहून न्यूयॉर्ककडे जाताना समुद्राचा वळसा वाचावा, हा मूळ हेतू. प्रत्यक्षात सर्वांत जास्त वाहिला गेला तो पेनसिल्व्हेनियाचा कोळसा.

बोटी ओढायला खेचरं असत. ती ज्या काठावरून चालायची, तीच आजची पायवाट. कालव्याची कंपनी आणि कॅम्डन अँड अँबॉय रेल्वे 1831 मध्येच एकत्र आल्या होत्या, त्यामुळे काही ठिकाणी कालव्याला लागूनच रूळ पडले. पुढे मालही रेल्वेकडेच गेला. 1932 चा हंगाम संपल्यावर कालव्यातली मालवाहतूक बंद पडली, नंतर हे रूळही निकामी झाले. 1974 मध्ये कालव्याचं स्टेट पार्क झालं आणि पुढे जुन्या रेल्वेची जागाही त्यात आली.

टप्पा 1 : किंग्स्टन ते रॉकी हिल (फेरी सुमारे 6 किमी)

आई-बाबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर इथूनच सुरुवात करा. रूट 27 वर किंग्स्टनच्या लॉकपाशी गाडी लावता येते. पाण्याची पातळी वर-खाली करून बोटी पुढे सोडणारं हे दगडी बांधकाम आणि शेजारचं लॉक सांभाळणाऱ्याचं घर आधी पाहून घ्या. मग जाताना खेचरांच्या वाटेने जा, रॉकी हिलला पूल ओलांडा आणि येताना पलीकडच्या काठावरच्या जुन्या रेल्वेमार्गाने परत या. एकाच फेरीत कालवा आणि रेल्वे दोन्ही पायाखालून जातात. रमतगमत दोन तास पुरतात.

मुख्य कालव्याच्या काठावर दगडी मैलखुणा आहेत, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. दगडाच्या एका अंगाला बॉर्डनटाउनचं अंतर कोरलेलं असतं, दुसऱ्या अंगाला न्यू ब्रन्सविकचं. मुलांना दोन्ही आकड्यांची बेरीज करायला सांगा. ती 44 येते.

टप्पा 2 : प्रिन्स्टन ते किंग्स्टन (एका बाजूने सुमारे 6 किमी)

गाडी नसलेल्यांसाठी हा टप्पा उत्तम. एनजे ट्रान्झिटने प्रिन्स्टन जंक्शनला उतरा आणि तिथून छोट्या ‘डिंकी’ गाडीने प्रिन्स्टन गाठा. अलेक्झांडर स्ट्रीटवरून चालत गेलात की थोड्याच वेळात कालवा येतो. पुढे बराच वेळ एका हाताला कालवा आणि दुसऱ्या हाताला कार्नेगी तलाव राहतो. अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून 1906 मध्ये हा तलाव झाला तो विद्यापीठाच्या नौकानयनासाठी. सकाळी लवकर गेलात तर वल्ही मारणारे संघ दिसतील. मिलस्टोन नदीपाशी कालवा चक्क नदीच्या वरून जातो, तिथे थांबून खाली बघा.

टप्पा 3 : लॅम्बर्टव्हिल ते फ्रेंचटाउन (एका बाजूने सुमारे 25 किमी)

हा सायकलवाल्यांचा टप्पा. इथली वाट बेल्व्हिडीअर-डेलावेअर या जुन्या रेल्वेच्या मार्गावरून जाते. बुल्स आयलंडपर्यंत कालव्याची सोबत असते, त्यापुढे फक्त नदीची. वाटेत स्टॉकटनजवळ प्रॉल्सव्हिलची जुनी पिठाची गिरणी लागते. पूर्ण अंतर झेपणार नसेल तर लॅम्बर्टव्हिल ते बुल्स आयलंड करून परत फिरा. बुल्स आयलंडला नदीवर फक्त पादचाऱ्यांसाठीचा झुलता पूल आहे. तो ओलांडलात की तुम्ही पेनसिल्व्हेनियात. तिकडेही डेलावेअर कालव्याची काठवाट आहे, त्यामुळे एका राज्यातून जाऊन दुसऱ्यातून परत येता येतं. पुलांवर सायकलवरून उतरून चालावं लागतं.

सगळा मार्ग सलग करायचा हट्ट नको. ट्रेंटनमध्ये कालव्याचा काही भाग रस्त्याखाली गेला आहे.

कधी जावं, काय न्यावं

एप्रिलअखेर ते जून आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरची सुरुवात हे दिवस चांगले. पानांचे रंग पाहायचे तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध गाठा. जुलै-ऑगस्टमध्ये दमट उकाडा आणि डास असतात, तेव्हा सकाळीच उरका. मोठ्या पावसानंतर वाट वाहून जाते. 2021 मध्ये आयडा वादळाने बरंच नुकसान केलं होतं. म्हणून निघण्यापूर्वी पार्कच्या सूचना पाहाच.

वाट बारीक खडीची आणि मातीची आहे. साधे स्पोर्ट्स शूज चालतात, सायकलचे टायर मात्र रुंद हवेत. पाणी आणि खाणं घरूनच न्या, कारण दोन गावांच्या मध्ये काही मिळत नाही. खरी भीती गोचिडांची. त्या चावल्याने लाइम आजार होऊ शकतो. गवतात शिरू नका, पूर्ण पँट घाला आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट तपासा. तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही दिसली तर हात लावू नका. जूनच्या सुमारास कासवं अंडी घालायला वाटेवर येतात, त्यांना लांबूनच बघा. मागून सायकलवाल्याने आवाज दिला की उजवीकडे व्हा. कुत्रा साखळीला बांधलेला हवा.

पार्कात कचराकुंड्यांवर भिस्त ठेवू नका. चिवड्याच्या रिकाम्या पिशव्या, संत्र्याच्या साली, पाण्याच्या बाटल्या सगळं परत घरी आणा. कालव्यातून बोटी जायच्या थांबल्या, पण पाणी थांबलेलं नाही. मध्य न्यू जर्सीतल्या दहा लाखांहून अधिक लोकांना ते आजही पुरवलं जातं, आणि त्यात आपलीही बरीच घरं आहेत.