घनतेचा आंकडा व त्याचें एकक

पाऱ्याची घनता १३·६ ग्रॅम दर घन सेंटिमीटर आहे. ती किलोग्रॅम दर घनमीटर या एककांत मांडा, असें सांगतां वर्गांतील एका हुशार मुलानें १००० नें भागून ०·०१३६ असें उत्तर आणिलें. असा पारा हायड्रोजन वायूहूनही हलका ठरेल! ग्रॅमचे किलोग्रॅम करावयाचे म्हणून भागावें, एवढेंच त्याच्या ध्यानांत राहिलें. 'दर' या शब्दापुढचें एकक तो विसरला.

विद्यार्थी मित्रहो, एक घनमीटरची पेटी डोळ्यांपुढें आणा. तिची प्रत्येक बाजू १०० सेंटिमीटर. म्हणून तींत १०० × १०० × १०० म्हणजे दहा लक्ष घन सेंटिमीटर मावतात. तितक्या पाऱ्याचे १,३६,००,००० ग्रॅम होतात. त्यांस १००० नें भागिलें कीं १३,६०० किलोग्रॅम. दहा लक्षांनीं गुणून हजारानें भागिलें, म्हणजे एकंदरींत हजारानेंच गुणिलें. किलोग्रॅम दर लिटर हवे असल्यास मात्र आंकडा तोच, १३·६, राहतो.

चुकल्यास दोन गुण जातील, आणखी काय, असें कित्येकांस वाटतें. कॅनडांत मेट्रिक मापें नवीं असतां, २३ जुलै १९८३ रोजीं, एअर कॅनडाच्या एका बोइंग ७६७ विमानाचें इंधनमापक बंद होतें. टांकींत ७,६८२ लिटर इंधन होतें. प्रवासास २२,३०० किलोग्रॅम हवें होतें. हिशेबास घेतलेला १·७७ हा आंकडा पौंड दर लिटर होता. तो किलोग्रॅम दर लिटर समजला गेला. खरा आंकडा सुमारें ०·८०. त्यामुळें जेथें सुमारें वीस हजार लिटर भरावयाचें, तेथें ४,९१७ लिटरच भरलें. सुमारें ४१ हजार फुटांवर असतां इंधन संपत आलें व दोन्ही एंजिनें बंद पडलीं. कप्तान पिअर्सन यांस ग्लायडर चालविण्याचा सराव होता. त्यांनीं गिम्ली येथील जुन्या धांवपट्टीवर विमान उतरविलें व ६९ जणांचे प्राण वांचले.

विमानाचें हें इंधन रॉकेलच्याच जातीचें. रॉकेल पाण्यावर तरंगतें; मग त्याच्या एका लिटरचें वस्तुमान १·७७ किलोग्रॅम कसें भरेल? एवढा प्रश्न कोणी विचारिला असता तर चूक जमिनीवरच सांपडली असती.

पालकांस विनंति कीं, एक लिटर गोडेतेलाच्या पिशवीवरील वजन मुलांकडून वाचवून घ्यावें. तें बहुधा ९१० ग्रॅम असतें. त्यावरून तेलाची घनता तिन्ही एककांत मांडावयास सांगावी, व उत्तर पाण्याच्या घनतेहून अधिक आल्यास पुन्हां करावयास लावावें.