जुन्या दारांसाठी विजेचे घासणी यंत्र

जुनी सागवानी दारे विजेच्या लहान घासणी यंत्राने घरच्या घरी नवी करता येतात. यंत्र दाबू नये. त्याचे वजनच पुरेसे असते. दाबल्यास लाकडावर गोल ओरखडे उठतात, आणि ते नेमके पॉलिश चढविल्यावर दिसतात! प्रथम ८०, मग १२० व शेवटी १८० नंबरचा काचकागद लावावा.

जुन्या तैलरंगावर मात्र हे यंत्र मुळीच चालवू नये. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घालणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. असा रंग पाण्याने ओला करून पात्याने खरवडावा. पापुद्रे गोठ्याजवळ किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. गुरे ते चाटतात व त्यांना विषबाधा होते.